पाणी घालायचं की नाही? अंडी उबवण्याचा ओला इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन आज घरीच राहिलेत, त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं लेखी रूप. बोलताना जे 'म्हणजे, म्हणजे' झालं ते काढून टाकलंय, बाकी सगळं तेच.

आजचा प्रश्न सोपा वाटेल. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला काय लागतं? कुणालाही विचारा, उत्तर येतं: ऊब आणि २१ दिवस. आपल्या भाषेनंही तेच धरून ठेवलंय. आपण अंडी 'उबवतो'. शब्दातच ऊब आहे. पाण्याचं नावसुद्धा नाही.

पण घरी इन्क्युबेटर लावणाऱ्या माणसाला रात्री झोप लागत नाही ती पाण्यामुळे. तापमानाचं काम मशीन करतं. ३७.५ अंश लावले की लावले. ओलाव्याचं मात्र कुणीच नीट सांगत नाही. एक व्हिडिओ म्हणतो ट्रे भरून ठेवा, दुसरा म्हणतो थेंबभरही घालू नका. आणि खाली कमेंटमध्ये भांडणं. मला वाटायचं ही यूट्यूबची भांडणं आहेत. शोधायला गेलो तर कळलं, हे भांडण सव्वाशे वर्षं जुनं आहे. आणि आपण कोकणपट्टीतले लोक त्यात चुकीच्या बाजूचा सल्ला ऐकत बसलोय.

आधी अंडं म्हणजे काय ते बघू

अंडं बंद डबी वाटतं, पण ते बंद नाही. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. साध्या कोंबडीच्या अंड्याला साधारण १०,००० धरा. त्यातून आतला जीव श्वास घेतो. प्राणवायू आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो, आणि त्याच वाटेनं पाण्याची वाफही बाहेर जाते.

अमेरिकेत बफेलो इथल्या विद्यापीठात हर्मन रान, आमोस आर आणि चार्ल्स पॅगानेली या तिघांनी या श्वासाचा हिशेब मांडला. १९७९ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांचा लेख आला. ६० ग्रॅमचं अंडं २१ दिवसांत सुमारे ६ लिटर प्राणवायू घेतं, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि ११ लिटर पाण्याची वाफ सोडतं. ११ लिटर वाफ म्हणजे पाणी किती? जेमतेम ९ ग्रॅम. म्हणजे अंड्याच्या वजनाच्या सुमारे १५ टक्के.

हे पाणी बाहेर जाणं हा बिघाड नाही, ती गरज आहे. पाणी जातं तेवढी जागा रिकामी होते आणि अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी मोठी होत जाते. विसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू चोचीनं त्या पोकळीचा पडदा फोडतं आणि आयुष्यातला पहिला श्वास तिथे घेतं. कवच फोडायच्या आधी, आतच. पोकळी लहान राहिली तर त्या श्वासाला जागाच नसते. पिल्लू पूर्ण वाढलेलं असतं, पिसं आलेली असतात, आणि ते स्वतःच्याच पाण्यात बुडतं.

उलटही होतं. पाणी फार गेलं तर पिल्लू अशक्त होतं, आतला पडदा सुकून त्याला चिकटतो आणि त्याला फिरता येत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना मरण आहे आणि वाट मधून जाते.

ऊब लवकर समजली, ओल उशिरा

माणसानं कोंबडीशिवाय अंडी उबवायला फार पूर्वी सुरुवात केली. इजिप्तमध्ये लोक उकिरड्यात अंडी पुरून पिल्लं काढतात, हे ॲरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलंय. पुढे तिथे मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्या झाल्या. खालच्या खोलीत हजारो अंडी, वर शेणाचा आणि पेंढ्याचा मंद विस्तव. थर्मामीटर नाही, काही नाही. भट्टीवाला अंडं उचलून पापणीला लावायचा आणि गरम जास्त आहे की कमी ते सांगायचा. ही विद्या बापाकडून मुलाकडे जायची, बाहेरच्याला मिळायची नाही.

१६२० च्या आसपास कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच माणसानं इंग्लंडमध्ये एक भन्नाट गोष्ट केली. त्यानं भट्टीत अल्कोहोल आणि पारा भरलेली नळी बसवली. आत गरम झालं की द्रव पसरायचा, पारा वर सरकायचा आणि हवेची झडप बंद व्हायची. विस्तव मंदावायचा. थंड झालं की झडप उघडायची. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे हे वाचून मला जाम आनंद झाला. हा फीडबॅक लूप आहे! तुमच्या एसीमध्ये, फ्रिजमध्ये जे आहे त्याचा पणजोबा, आणि तो बनला त्यातलं एक कारण कोंबडीची अंडी.

म्हणजे ऊब कशी धरून ठेवायची हे ४०० वर्षांपूर्वी सुटलं होतं. ओलाव्याचं काय?

तिथे पहिला धक्का बसला फ्रान्सच्या रेओम्यूरला. ज्याच्या नावाचं तापमानाचं माप होतं, तोच हा शास्त्रज्ञ. इजिप्तची विद्या फ्रान्समध्ये आणायची म्हणून त्यानं ताज्या शेणखताच्या ढिगात पिंप पुरलं आणि त्यात अंडी ठेवली. ऊब बरोबर मिळाली, पण पिल्लं मेली. पुन्हा केलं, पुन्हा मेली. शेवटी त्याच्या लक्षात आलं की खतातून येणारी ओली वाफ अंड्यांना मारतेय. मग त्यानं पिंपाला आतून गिलावा केला, वाफ अडवली, आणि पिल्लं निघाली. १७४९ साली त्यानं यावर पुस्तक छापलं. ऊब अगदी बरोबर असूनही ओल जास्त झाली तर सगळं जातं, हा धडा तिथेच लिहिलेला आहे.

पण ओल मोजायची कशानं? १७८३ मध्ये जिनिव्हाच्या सोस्यूर यांनी आर्द्रता मोजायचं यंत्र मांडलं. त्यात काय होतं? माणसाचा केस. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. पावसाळ्यात ज्यांचे केस ऐकत नाहीत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

'पाणी घाला' विरुद्ध 'पाणी नको'

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इन्क्युबेटर हा धंदा झाला. १८७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात लायमन बाइसनं मशीन काढलं आणि ते गाव अंड्यांची राजधानी झालं. १८८१ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स हिअर्सननं स्वतःचं यंत्र आणलं. त्यात अंड्यांच्या खाली पाण्याचा ट्रे आणि त्यावर ओलं कापड. आत येणारी हवा त्या ओल्या कापडावरून यायची. म्हणजे हा 'पाणी घाला' पक्ष.

मग अमेरिकेत चार्ल्स सायफर्स आला. त्यानं जाहिरातच अशी केली की आमच्या मशीनला ओलावा लागत नाही, हवा खेळती ठेवा, बस. 'पाणी नको' पक्ष. दोघांच्या मशीनमधून पिल्लं निघत होती. दोघांचे ग्राहक दुसऱ्याला वेड्यात काढत होते.

मग खरं कोण? माझं उत्तर असं: दोघंही आपापल्या हवेत खरे. आमच्या क्षेत्रात एक जुना विनोद आहे. कोड बंद पडलं म्हणून तक्रार आली की लिहिणारा म्हणतो, 'माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय.' हे भांडण त्याच जातीचं आहे. बाहेरची हवा कशी आहे हे न सांगता 'पाणी किती' याचं उत्तर देताच येत नाही.

आपल्याकडे हे यंत्र कसं आलं

आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या यंत्र एकच होतं, खुडूक कोंबडी. अंडी घालायची थांबली, अंग फुगवून बसली, जवळ गेलं की टोचायला लागली, की घरातली बाई समजायची, बसवायची वेळ झाली. माझी आजी पावसाळ्यात कोंबडी बसवायची तेव्हा टोपलीत आधी चुलीची राख, वर भाताचा पेंढा आणि त्यावर अंडी ठेवायची. मला वाटायचं राख किड्यांसाठी. ती त्यासाठी असतेच. पण राख ओल पण शोषते. सापेक्ष आर्द्रता हा शब्द आजीनं कधी ऐकला नव्हता, पण टोपली कोरडी हवी हे तिला पक्कं माहीत होतं.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं कोंबडीपालनाकडे लक्ष दिलं. केंद्र सरकारच्या कुक्कुट केंद्रांपैकी एक आपल्या मुंबईत गोरेगावला, आरे कॉलनीत आहे. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे पुणे हे या उद्योगाचं मोठं ठाणं झालं. या हॅचऱ्यांमध्ये खोलीएवढी मशीन्स असतात. पंख्यानं हवा फिरवत ठेवणाऱ्या अशा मोठ्या मशीनचं पेटंट अमेरिकेत सॅम्युएल स्मिथ यांना १९१८ मध्ये मिळालं होतं. तिथे ओलावा सतत मोजला जातो आणि आपोआप कमीजास्त होतो.

यात एक गोष्ट हळूच घडली. जास्त अंडी हवी म्हणून ज्या जाती निवडल्या गेल्या, त्यांच्यातला खुडूकपणा निवडीनंच काढून टाकला गेला. व्हाइट लेगहॉर्न सहसा बसतच नाही. म्हणजे उबवायचं ज्ञान कोंबडीकडून काढून आपण कारखान्याला दिलं. घराकडे राहिली ती फक्त गावठी कोंबडी. आणि आता, स्वस्त सेन्सर आणि थर्माकोलचे डबे आल्यावर, घरं ते ज्ञान परत मागतायत. अडचण ही की डब्याबरोबर जे पुस्तक येतं ते आपल्या हवेसाठी लिहिलेलं नसतं.

कामणमधला जुलै

माझं गाव कामण. वसई-दिवा मार्गावर कामण रोड स्टेशन आहे ते. चिंचोटीहून भिवंडीला जाणारा रस्ता आमच्यातून जातो, त्याला लागून गोदामं आणि गाळे, आणि मागे तुंगारेश्वरचे डोंगर, कामणदुर्ग. डोंगराला ढग अडले की आमच्याकडे जुलैत कपडे चार दिवस वाळत नाहीत. पापड मऊ पडतात, काडेपेटी पेटत नाही.

अशा जुलैत आमच्या शेजारच्या काकूंनी ऑनलाइन मागवलेला इन्क्युबेटर लावला. चाळीस गावठी अंडी. त्यातली निम्मी वाडीतल्या दोन घरांची होती, अर्धलीनं. म्हणजे अंडी त्यांची, मेहनत आणि वीज काकूंची, पिल्लं निम्मी निम्मी. माहितीपत्रकात लिहिलं होतं, पाण्याचे दोन्ही कप्पे कायम भरलेले ठेवा. काकूंनी रोज सकाळी न चुकता भरले. डब्यावरचा आकडा ७२ दाखवत होता आणि त्यांना बरं वाटत होतं, ओल भरपूर आहे म्हणून.

एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. तेविसाव्या दिवसापर्यंत वाट पाहून काकूंनी उरलेली अंडी फोडली. बहुतेकांत पूर्ण पिल्लू होतं. पिसांसकट. आणि भोवती पाणी.

"लाईट गेली नाही, डबा उघडला नाही, लिहिलंय तसंच केलं. आता त्या दोघींना काय सांगू?" काकूंनी मला विचारलं. मी कॉम्प्युटरचा म्हणून. डब्यात माझं काही नव्हतं, पण सात पिल्लं तीन घरांत कशी वाटायची हा प्रश्न खरा होता. दोन हजारांच्या आसपासचा माल होता तो, मोठा झाला असता तर त्याहून कितीतरी जास्त.

हिशेब, एकदाच, सोपा

आता थोडं गणित. घाबरू नका, पाचवीतलं आहे.

आर्द्रतेचे टक्के म्हणजे हवेत पाणी किती आहे ते नाही. हवेच्या भांड्यात मावेल त्याच्या किती टक्के भरलंय, ते. आणि हवा तापली की भांडं मोठं होतं. पाणी तेवढंच राहतं, टक्के उतरतात.

आमच्याकडचा जुलै घ्या. घरात ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. हीच हवा इन्क्युबेटरमध्ये ३७.५ अंशांना तापवली, पाण्याचा एक थेंब न घालता, तर आर्द्रता होते साधारण ५३ टक्के. पहिल्या १८ दिवसांसाठी सगळे जण सांगतात तो आकडा किती? ५० ते ५५. म्हणजे जुलैत कामणची हवा आधीच मोजून मापून आलीय. त्यात दोन कप्पे पाणी घातलं की अंड्यातलं पाणी बाहेर जायला जागाच राहत नाही.

आता युरोपातलं हिवाळ्यातलं घर घ्या. १८ अंश, ५० टक्के. हीच हवा ३७.५ ला तापवली की उरते १६ टक्के. तिथे पाणी नाही घातलं तर अंडं सुकून जाईल. 'कप्पे कायम भरलेले ठेवा' हे वाक्य तिथे अगदी बरोबर आहे.

आणि आपला जानेवारी? दुपारी २५ अंश, ५० टक्के धरले तर आत राहतात २५ टक्के. म्हणजे कामणमध्येच जानेवारीत पाणी लागतं आणि जुलैत लागत नाही. हिअर्सन आणि सायफर्स, दोघंही आपल्याच गल्लीत राहतात, फक्त वेगवेगळ्या महिन्यांत.

मग विश्वास कशावर ठेवायचा?

आकड्यावर नाही, वजनावर. रान आणि मंडळींच्या कामातून घरी उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे. हवा कशीही असो, अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण ११ ते १३ टक्क्यांनी उतरलं पाहिजे.

ऑगस्टमध्ये काकूंनी दुसरी खेप लावली तेव्हा आम्ही हेच केलं. दहा अंड्यांवर पेन्सिलीनं खूण केली. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दहा अंडी मिळून ४६० ग्रॅम. १२ टक्के म्हणजे ५५ ग्रॅम. तर अठराव्या दिवशी ४०५ दिसले पाहिजेत. सहाव्या दिवशी ४४२, बाराव्या दिवशी ४२३. एखादं वांझ निघालं तर त्याचं वजन हिशेबातून वजा. वजन हळू उतरतंय तर पाणी काढा, हवेची भोकं उघडा. भराभर उतरतंय तर थोडं पाणी घाला. झालं.

सोबत अंधारात मोबाईलचा टॉर्च अंड्याच्या रुंद टोकाला लावून पोकळी बघायची. सातव्या, चौदाव्या, अठराव्या दिवशी ती वाढताना दिसते.

डब्यावरच्या आकड्याची पण एक घरगुती परीक्षा आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. ते आणि सुटा आर्द्रतामापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसले पाहिजेत, कारण ओल्या मिठावरची हवा त्याच आकड्याला स्थिर होते. ८१ दिसले तर तुमचं यंत्र सहानं जास्त सांगतंय, तेवढे वजा करा.

आणि एक अपवाद, तो विसरायचा नाही. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवणं बंद आणि ओल वाढवायची, ६५ ते ७० पर्यंत. जुलैतसुद्धा. आता पोकळी तयार झालेली असते, पाणी घालवायचं काम संपलेलं असतं. आता कवच फुटल्यावर आतला पडदा सुकू द्यायचा नसतो. त्यासाठी कप्पे भरा आणि झाकण उघडू नका. चोच दिसली म्हणून मदत करायला हात शिवशिवतात, पण एकदा झाकण उघडलं की ओली हवा क्षणात निघून जाते आणि शेजारच्या अंड्यातलं पिल्लू पडद्यात अडकतं. चोच मारल्यापासून बाहेर यायला पिल्लाला १२ ते २४ तास लागू शकतात. तो वेळ त्याचा आहे.

काकूंची दुसरी खेप: पहिले १८ दिवस कप्पे कोरडे, दोन्ही भोकं उघडी, मग पाणी. चाळीसातून सव्वीस पिल्लं. एका खेपेवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं, अंडी वेगळी, महिना वेगळा. पण फुटलेली नाहीत ती अंडी उघडली तेव्हा पाण्यात बुडालेलं पिल्लू एकच होतं. दोन्ही घरांचा वाटा दिला, मागच्या खेपेचा धरून.

एक गोष्ट मात्र मला लागून राहिली. इजिप्तच्या भट्टीवाल्याकडे, रेओम्यूरकडे, आजीकडे आपल्या डब्याइतकी साधनं नव्हती. पण ते सगळे अंड्याकडे बघत होते. आपण आकड्याकडे बघतो, आणि तो आकडा कुठल्या गावच्या हवेसाठी ठरवलाय हे विचारत नाही.

तुमच्याकडे कोकणात, घाटावर किंवा विदर्भात कुणी घरी अंडी उबवत असेल, तर महिना, घरातलं तापमान आणि दहा अंड्यांचं पहिल्या आणि अठराव्या दिवसाचं वजन एवढं मला पाठवा. पुरेशी वजनं जमली की महिन्यावार तक्ता करून एका भागात वाचून दाखवीन, आपल्या हवेचा. तोवर पावसाळ्यात पाण्याचा कप्पा भरायच्या आधी एकदा काटा बघा. भेटू पुढच्या भागात.